कार्बाइडचा पंच: ग्राइंडिंग, वायरकट की पॉलिश?

कार्बाइडचा पंच, म्हणजे पत्र्याला भोक पाडणारं हत्यार, तुटला की पहिला संशय ग्रेडवर, म्हणजे कार्बाइडच्या प्रकारावर जातो. बऱ्याचदा ग्रेड बिचारी निर्दोष असते. टंगस्टन कार्बाइड दाबाला जबरदस्त टिकतं, पण वाकवलं की पृष्ठभागावरच्या एखाद्या बारीक चिरेपासून मोडतं. म्हणून शेवटचा हात कोणत्या पद्धतीने फिरवला, यावर बरंच काही ठरतं.

आकार अवघड असेल तर वायरकटशिवाय, म्हणजे तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून कापण्याशिवाय, गत्यंतर नाही. मात्र ठिणगीने वितळलेला थर जागीच गोठतो, आकसायला बघतो आणि खालचा घट्ट धातू त्याला आकसू देत नाही. मग तो तडकतो. रफ कटचा, म्हणजे पहिल्या भरड कापणीचा, पृष्ठभाग भिंगाखाली धरा, सुकलेल्या तळ्याच्या गाळासारखं भेगांचं जाळं दिसेल. शिवाय पाण्यातल्या वायरकटमध्ये कार्बाइडचे कण बांधून ठेवणारा कोबाल्ट विरघळून जाऊ शकतो, आणि कोबाल्ट गेला की कण धरून ठेवणार कोण? दोन-तीन स्किम कट (कमी ऊर्जेच्या हलक्या कापण्या) घेतले तर वितळून गोठलेला थर पातळ होतो, नाहीसा होत नाही. उरलेला लॅपिंगने, म्हणजे बारीक पावडरीने घासून, काढावाच.

ग्राइंडिंगच्या डायमंड व्हीलचं, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या चाकाचं, काम उलट. त्याचे कण पृष्ठभाग रेटत जातात, त्यामुळे वरच्या थरात दाबाचा ताण राहतो आणि तो चिरांची तोंडं मिटवून धरतो. नीट ग्राइंड केलेला तुकडा आरशासारख्या पॉलिश केलेल्यापेक्षा वाकवण्याला सरस ठरू शकतो, तो यामुळेच. पॉलिशने ओरखडे जातात, पण जास्त घासलं तर हा उपयोगी थरही जातो. अर्थात व्हील गुळगुळीत झालेलं, कूलंट कमी आणि कट जड असेल, तर ग्राइंडिंगही उष्णतेच्या भेगा पाडतं. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते: ओरखडे पंचाच्या लांबीच्या दिशेने हवेत. आडवे ओरखडे म्हणजे मोडायला आखून दिलेली रेघ.

पंचावर कठीण थराचं कोटिंग करायचं असेल तर सीव्हीडीत (वायूंच्या रासायनिक क्रियेने थर चढवण्याच्या पद्धतीत) तुकडा 1000 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो आणि ग्राइंडिंगने कमावलेला दाबाचा ताण बराचसा निघून जातो. पीव्हीडी (निर्वातात धातूची वाफ करून थर चढवणं) साधारण 500 अंश किंवा त्याखाली होतं. धक्के खाणाऱ्या पंचाला मी पीव्हीडीच घेईन.

माझी निवड सांगायची तर, सरळ बाजूंना बारीक ग्राइंडिंग, अवघड प्रोफाइलला स्किम कट घेतलेलं वायरकट आणि त्यावर लॅपिंग. ड्रॉइंगवर नुसता खरबरीतपणाचा आकडा लिहू नका, पद्धतही लिहा. तोच आकडा वायरकटनेही मिळतो, फक्त खालच्या भेगा त्यात मोजल्या जात नाहीत.