लेडीज रोड बाइक: आठ महिने चालवल्यावर

रोड बाइक, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची वेगवान सायकल, घ्यायचं ठरलं तेव्हा एकच गोष्ट मनात पक्की होती, घ्यायची तर 'लेडीज' म्हणून बनवलेलीच. माझी उंची १५७ सेंटीमीटर. लहानपणापासून घरातल्या मोठ्यांच्या सायकली चालवल्या, म्हणून आपल्यासाठी बनवलेली सायकल आपोआप अंगाला बसेल असं वाटायचं. आता आठ महिने आणि साधारण २,४०० किलोमीटर झाले. सायकल मला मनापासून आवडते. पण ती आज मला बसते, ती त्या शब्दामुळे नव्हे, नंतर एकेक करून केलेल्या बदलांमुळे.

सायकल कशी आहे ते थोडक्यात सांगते. ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), शिमानो क्लॅरिसचे गिअर (पुढे दोन, मागे आठ), रिम ब्रेक, वजन दहा किलोच्या आसपास. पहिल्या रोड बाइकला एवढं भरपूर झालं. क्लॅरिसच्या वर सोरा येतो, त्यात मागे नऊ चकत्या. त्या एका चकतीसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा ते सीटसाठी बाजूला ठेवा, असं मी प्रत्येकीला सांगते.

लेडीज मॉडेलमध्ये वेगळं काय असतं? वरचा दांडा किंचित आखूड, हँडल अरुंद, सीट रुंद, आणि रंग. बायकांचे पाय लांब आणि धड आखूड, हा त्यामागचा हिशोब. पण ही झाली सरासरीची गोष्ट. तुमचं-माझं शरीर त्यात बसेलच असं नाही. स्पेशलाइज्ड आणि ट्रेक या मोठ्या कंपन्यांनी मध्यंतरी बायकांसाठी वेगळ्या फ्रेम काढणं सोडलं, जायंटच्या लिव्ह या बायकांसाठीच्या ब्रँडने मात्र ते चालू ठेवलं. म्हणजे बनवणाऱ्यांचंही यावर एकमत नाही. मग आपण शब्द सोडून आकडे बघावेत.

दुकानात मला फक्त दांड्याच्या वर दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं केलं आणि 'साइज बरोबर आहे' म्हणून सांगितलं. त्यावरून एवढंच कळतं की थांबल्यावर दांडा लागणार नाही. हात कुठवर ताणावे लागतील, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी रीच बघायचा: क्रँकच्या (पेडल ज्यांना जोडलेले असतात त्या दांड्यांच्या) आसापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या फ्रेमच्या उभ्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. तेच अंतर उभं मोजलं की स्टॅक. साइजचा आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, पण हे दोन आकडे कुठल्याही दोन सायकलींचे शेजारी ठेवून ताडता येतात. मी पाहिलेल्या दोन सायकलींच्या रीचमध्ये १५ मिलिमीटरचा फरक होता. कागदावर तो काहीच वाटत नाही, पण दीड तास चालवल्यावर मानेला बरोबर कळतो.

सीटची उंची मी आधी अंदाजाने ठेवली होती, थांबल्यावर पाय टेकतील एवढी. महिनाभरात गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं. मग भिंतीला पाठ लावून, जांघेत पुस्तक घट्ट धरून पायाचं माप घेतलं: ७३ सेंटीमीटर. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखला जाणारा जुना हिशोब आहे, हे माप गुणिले ०.८८३. उत्तर साधारण ६४.५ आलं. क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत ते धरलं, तर माझी सीट आधी तब्बल चार सेंटीमीटर खाली होती! आठवडाभर रोज थोडी थोडी वर नेली. फार वर गेली की कंबर डावी-उजवीकडे डुलायला लागते, ती खूण लक्षात ठेवा.

आता सीट. यावर मी सगळ्यात जास्त बोलेन, कारण कितीतरी जणी इथेच सायकल सोडतात आणि दोष स्वतःला देतात. पहिले दोन महिने बधिरपणा, घासणं, घरी आल्यावर जळजळ. 'सवय होईल' हे इतक्यांनी सांगितलं की मी सहन करत राहिले. सवय होते ती बैठकीच्या हाडांवर येणाऱ्या भाराची, थोड्याशा दुखऱ्या जागेची. बधिर होणं हा सवयीचा भाग नाही. भार चुकीच्या जागी पडतोय, एवढाच त्याचा अर्थ. घरीच नालीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवून त्यावर पुढे झुकून बसले. दोन खळगे उमटले, त्यांच्या मध्यांतलं अंतर १२८ मिलिमीटर. सीटच्या कडा उतरत्या असतात, म्हणून ती या अंतरापेक्षा बरीच रुंद लागते. सोबत आलेली सीट १४३ मिलिमीटर रुंदीची होती, आणि वर भरपूर मऊ. मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. मी १५५ची, मध्ये खाच असलेली, हाताला बरीच कडक लागणारी सीट बसवली आणि तिचं टोक अगदी किंचित खाली केलं. तिसऱ्या फेरीत त्रास गेला. इतके दिवस उगाच सोसलं, याची हळहळ अजून वाटते.

हात ताणले जात होते म्हणून मधल्या काळात सीट पुढे सरकवण्याची चूक केली. त्याने गुडघा पेडलच्या पुढे जातो आणि दुखणं परत येतं. सीटची जागा पायांवरून ठरते, हातांचं अंतर स्टेमने (हँडल पुढे धरणाऱ्या तुकड्याने) सोडवायचं. ९० मिलिमीटरचा स्टेम काढून ७०चा घातला, खांदे सैल झाले. त्याचे स्क्रू कसताना टॉर्क पान्हा (किती जोराने कसतोय ते दाखवणारा) वापरा, स्टेमवर लिहिलेल्या आकड्याच्या पुढे जाऊ नका.

क्रँक १७० मिलिमीटरचे होते. माझ्या पायांना १६५चे जास्त बरे पडले, सीट तेवढीच ५ मिलिमीटर वर घेतली. आखूड क्रँकने आणखी एक त्रास कमी केला. लहान फ्रेमला पूर्ण मापाची चाकं असली की हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. अजूनही अधूनमधून लागतं, म्हणून अरुंद जागी वळताना आतलं पेडल वर ठेवते.

टायर २५ मिलिमीटर रुंदीचे होते ते २८चे केले. टायरवर छापलेला हवेचा आकडा ही कमाल मर्यादा असते. माझं वजन ५४ किलो, मला ६५ पीएसआयला सायकल छान चालते. चढाला पुढे ३४, मागे ३२ दात आहेत, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला चाक जेमतेम एकदा फिरतं. नवशिक्या पायांना ते हवंच.

शेवटचा बदल सगळ्यात छोटा. माझी बोटं आखूड आहेत आणि हँडलच्या खालच्या वळणातून ब्रेकपर्यंत पोचायची नाहीत, म्हणून उतारावर मी कायम वरून धरायचे आणि घाबरत उतरायचे. ब्रेकच्या दांडीत एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की दांडी हँडलच्या जवळ येते. हे मला सहाव्या महिन्यात कळलं. दहा मिनिटांचं काम झालं, जवळ आलेल्या दांडीप्रमाणे केबलही जुळवून घेतली. आता उतार लागला की हात आपसूक खाली जातात आणि दोन बोटं ब्रेकवर असतात.