पंप खडखडतोय: घरी खोलायचा की मिस्त्रीकडे न्यायचा?

मिरजेजवळच्या आमच्या मळ्यात 1 एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर) आहे. परसातला भाजीपाला आणि चार नारळ त्याच्यावरच. मागच्या मे महिन्यात तो आत खडी भरल्यासारखा वाजायला लागला. बेअरिंग गेलं, असं धरून मी पाने काढले. दोष निघाला विहिरीत. फुटव्हॉल्व्हच्या (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाची झडप, आमच्याकडे सगळे ‘फुटबॉल’च म्हणतात) जाळीला शेवाळ धरलं होतं आणि पाणीही बरंच खाली गेलं होतं. सक्शन, म्हणजे पाण्यापासून पंपापर्यंतची उंची, सहा-सात मीटरच्या पुढे गेलं की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि ते इंपेलरवर (पाणी फेकणाऱ्या चक्रावर) फुटतात, तोच हा आवाज. जाळी धुतली, पंप विहिरीतल्या खालच्या कट्ट्यावर उतरवला. खर्च फक्त घामाचा.

म्हणून आधी आवाज ओळखा. पंप पूर्ण वेगात असताना स्विच बंद करा. गुणगुण त्याच क्षणी थांबली तर दोष विजेच्या बाजूचा. मोटर थांबेपर्यंत घरघर चालूच राहिली तर बेअरिंग, किंवा मोटरीच्या मागच्या झाकणाला घासणारा पंखा. पाण्याची धार तुटक येत असेल तर सक्शनच्या पाइपला हवा लागतेय.

सैल फाउंडेशन बोल्ट, घासणारा पंखा, सक्शनचे जोड, फुटव्हॉल्व्ह ही कामं घरीच करा. मिस्त्रीला गाडीभाडं देऊन बोलवण्यासारखं त्यात काही नाही. मात्र फ्यूज काढून खिशात ठेवा, आणि वीज साठवणाऱ्या कंडेन्सरला हात लावू नका, वीज बंद असली तरी तो झटका देतो.

बेअरिंगचं गणित वेगळं. या मापाच्या मोटरीत बहुधा 6202 किंवा 6203 असतं, नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो आणि जोडी काही शे रुपयांत येते. स्वस्त आहे म्हणून मोह होतो. पण गंजलेला इंपेलर सुटत नाही, पुलर (बेअरिंग ओढून काढायचं अवजार) नसला की माणूस हातोडी उचलतो, आणि शाफ्ट किंचित वाकला की नवं बेअरिंगही वाजतंच. शिवाय खोलल्यावर पाणी मोटरीकडे जाऊ न देणारं मेकॅनिकल सीलही बदलावं लागतं. ते तिरकं बसलं तर पाणी झिरपून नवं बेअरिंग पुन्हा खातं. पुलर असेल आणि आधी एखादी मोटर खोललेली असेल तरच हात घाला. माझ्याकडे पुलर नाही, त्यामुळे मी मोटर सरळ दुकानात नेतो, तीही पावसाळ्यात. उन्हाळ्यात रिवाइंडिंगवाल्याकडे जळालेल्या मोटरींची रांग असते आणि इकडे वांगी माना टाकतात.