न्यूझीलंडमध्ये दोघं, ११२ दिवस कॅम्परव्हॅन: आमच्या बजेट शीटचा वापरानंतरचा अनुभव

फेब्रुवारीच्या शेवटी ऑकलंडला व्हॅन ताब्यात घेतली आणि जूनच्या मध्यावर क्राइस्टचर्चला परत दिली, मधले ११२ दिवस मी आणि नवरा त्या एका गाडीतच राहिलो. गाड्यांबद्दल आणि जागांबद्दल लिहिणारे खूप आहेत, मी फक्त आमच्या पैशांच्या शीटबद्दल लिहितेय, कारण निघायच्या आधी मला हेच वाचायचं होतं आणि नीट कुठे मिळालं नाही. आकडे सगळे न्यूझीलंड डॉलरमध्ये.

आधी शेवटचाच आकडा सांगून टाकते. विमानाची तिकिटं, इन्शुरन्स आणि व्हॅनचं भाडं सोडून दिवसाला १०५ धरले होते, पडले साधारण ११२. म्हणजे सगळे मिळून ८४० च्या आसपास वर गेले, चार महिन्यांच्या मानाने काहीच नाही असं वाटेल. पण शीट उघडून बघितलं तर गाडी चालवण्याच्या खर्चात एकट्यात साडेतेराशे जास्त गेलेत, आणि बाकीच्या ठिकाणी पाचशेएक वाचलेत म्हणून ते झाकलं गेलं. ही चूक आमच्या शीटच्या रचनेतच होती.

पहिली शीट अगदी साधी होती, दिवसाला एक आकडा, त्याच्या खाली राहिलो की बरं. पहिल्या दोन आठवड्यांतच कळलं की याचा काही उपयोग नाही. ऑकलंडजवळच्या कोरोमंडलला एका जागी दोन दिवस पडून राहिलो तर दिवसाचे ४० पण झाले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी डिझेल, किराणा, लाँड्री सगळं एकदम आलं तर २६० झाले, आता आपण बरे चाललोय की वाईट हे कळायचंच नाही. मग तिसऱ्या आठवड्यात पावसामुळे अडकलो होतो तेव्हा बसून शीट मोडली आणि चार रकाने केले: चाक, रात्र, पोट, मौज. चाक म्हणजे किलोमीटरवर चालणारं सगळं, रात्र म्हणजे मुक्काम, बाकी दोन कळतीलच.

चाक हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. न्यूझीलंडमध्ये पेट्रोलवरचा रस्त्याचा कर पंपावरच्या दरात येतो, पण डिझेलवर तसा नाही, डिझेल गाडीला रोड युझर चार्जेस वेगळे भरावे लागतात, हलक्या गाडीला १००० किलोमीटरला ७६ डॉलर. पंपावर डिझेल स्वस्त दिसतं म्हणून आम्ही खूश होतो, आणि भाड्याच्या करारात बारीक अक्षरात लिहिलेलं की गाडी परत देताना मीटर बघून हे वसूल करणार. बुकिंग करताना कोणी तोंडाने सांगितलं नव्हतं. आम्ही ते वाचलं तिसऱ्या आठवड्यात, शीट मोडली त्याच पावसात. आमची गाडी १०० किलोमीटरला ११ लिटर खायची, लिटर दोन डॉलरच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला २२ सेंट, त्यात हे कराचे साडेसात, म्हणजे एक किलोमीटर ३० सेंटला. हे एकदा डोक्यात बसलं की नकाशाकडे बघायची नजरच बदलते. २०० किलोमीटर म्हणजे ६० डॉलर, गाडी हलवली की गेले.

आणि किलोमीटर आम्ही धरले होते ६,५००, झाले ९,४००. नकाशावर गावापासून गावापर्यंत अंतर मोजलेलं, पण कॅम्पसाइट मुख्य रस्त्यापासून १५ किलोमीटर आत असते, किराण्याला परत मागे यावं लागतं, डंप स्टेशन म्हणजे गाडीतलं सांडपाणी रिकामं करायची जागा दुसऱ्या टोकाला, धबधबा दहा किलोमीटरवर आहे तर बघून येऊया. हिशोब केला तर दिवसाला सरासरी २६ किलोमीटर हे असंच इकडे तिकडे झालंय. तुम्ही कुठलाही देश करा, नकाशावरच्या अंतरात निदान तिसरा हिस्सा वर धरा असं मी आता सांगेन, आम्हाला तर त्याहून जास्त लागलं.

रात्रीचा रकाना मात्र छान सांभाळला गेला. ११२ पैकी ४९ रात्री फुकट जागांवर, ३८ डॉकच्या म्हणजे संवर्धन खात्याच्या कॅम्पसाइटवर, २५ हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे वीज आणि गरम पाणी असलेल्या पैशांच्या जागांवर. बहुतेक फुकट जागांसाठी गाडी सेल्फ कंटेन्ड असावी लागते, म्हणजे टॉयलेट, पाणी, सांडपाण्याची टाकी सगळं गाडीतच, आणि त्याचं सर्टिफिकेट असलेली, तिथल्या २०२३ च्या कायद्यानंतर नव्या सर्टिफिकेटला टॉयलेट गाडीत पक्कं बसवलेलं लागतं, उचलून ठेवता येणारं चालत नाही. भाड्याने घेताना हे आधी विचारा, स्वस्त गाडी घेतली आणि सर्टिफिकेट नसलं तर रोज पैसे देऊन राहावं लागेल आणि स्वस्ताई पंधरा दिवसांत संपेल. शिवाय प्रत्येक काउन्सिलचे म्हणजे तिथल्या नगरपालिकेचे नियम वेगळे, आज चाललं ते पुढच्या गावात चालेलच असं नाही, बोर्ड वाचायचा. जोडप्यांसाठी एक गोष्ट, हॉलिडे पार्कमध्ये बहुतेक ठिकाणी दर माणशी असतो, जागेला नाही, त्यामुळे "एकाच गाडीत दोघं, अर्धा खर्च" हे गणित तिथे लागू होत नाही. आम्हाला ५० ते ७० पडायचे दोघांचे.

यात एक पेच आहे जो आम्हाला मे महिन्यात कळला. कमी चालवलं की चाकाचे पैसे वाचतात, बरोबर, पण व्हॅनमधल्या फ्रिज-हीटरची वेगळी बॅटरी गाडी चालली की चार्ज होते. फुकट जागेवर तीन दिवस बसून राहिलो की फ्रिज आणि हीटर मिळून बॅटरी खाली, आणि तिकडे मे म्हणजे थंडी सुरू, ऊन कमी, सोलर पॅनल जेमतेम. मग एक तर उगाच ४० किलोमीटर फिरवा नाहीतर पार्कमध्ये जाऊन प्लग लावा. आम्ही दर तिसऱ्या-चौथ्या रात्री प्लगची रात्र ठरवून टाकली, त्याच दिवशी लाँड्री, गरम पाण्याने मनसोक्त अंघोळ, सगळी चार्जिंग. हा खर्च "चुकून झाला" असा वाटायचा बंद झाला हे महत्त्वाचं.

थंडीमुळे भाड्यात मात्र प्रचंड फरक पडतो, आमचा मे मधला दर फेब्रुवारीच्या दराच्या निम्म्याहून कमी होता. पण थंडीचे स्वतःचे खर्च असतात. ते आनाऊ नावाच्या गावाहून मिलफर्डला जायच्या रस्त्यावर मे ते नोव्हेंबर बर्फाच्या चेन्स गाडीत ठेवाव्या लागतात, त्या भाड्याने घेतल्या. हे आमच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं. तसंच टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग ही डोंगरातली पायवाट, चालणं फुकट आहे, पण वाट एका बाजूला सुरू होऊन दुसरीकडे संपते आणि सुरुवातीच्या पार्किंगला सीझनमध्ये चार तासांची मर्यादा, त्यामुळे शटल आलंच, दोघांचं. फेरीबोटीचं पण तसंच, वेलिंग्टन ते पिक्टन भाडं गाडीच्या लांबीवर ठरतं, मागे सायकलचा रॅक असेल तर तोही मोजतात.

पोट या रकान्यावर फार लिहीत नाही. आठवड्याला १९० च्या आसपास, पॅक एन सेव्ह हे स्वस्त सुपरमार्केट दिसलं की भरून घ्यायचं, लहान गावातल्या दुकानात फक्त दूध आणि ब्रेड. लेबलवरच्या किमतीत १५ टक्के जीएसटी धरलेला असतो त्यामुळे काउंटरवर आकडा वाढत नाही, हे हिशोबाला फार सोयीचं.

आता दोघांबद्दल, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. सुरुवातीला शीट नवरा भरायचा. मी कॉफी घेऊन आले की तो विचारायचा, "हे कशात टाकू?" तो खरंच रकाना विचारत होता, आणि मला दर वेळी ऐकू यायचं की कशाला घेतलीस. दोन चौरस मीटरच्या जागेत हे दिवसातून तीनदा झालं की काय होतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना माहीत आहे. वांगानुईच्या जवळ एकदा मी अख्खी संध्याकाळ बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पाचवा रकाना केला, "आपापले", आठवड्याला प्रत्येकी ४० डॉलर, रोख काढून आपापल्या पाकिटात, त्याची नोंद नाही, त्यावर प्रश्न नाही. माझी कॉफी, लोकर, त्याचं ते सततचं मीट पाय, सगळं त्यात. परत येईपर्यंत हे हजारएक डॉलर झाले आणि अख्ख्या ट्रिपमधले सगळ्यात कामी आलेले पैसे हेच. नोंदीपण रोज न करता रविवारी संध्याकाळी एकत्र बसून करायला लागलो, अर्धा तास, एक जण वाचणार एक जण टाइप करणार. त्या दिवसापासून शीट दोघांची झाली.

मौजेच्या रकान्यात आम्ही प्रत्येकी एक मोठी गोष्ट आधीच निवडली होती. त्याची फ्रान्झ जोसेफला हेलिकॉप्टरने ग्लेशियरवर जाऊन चालायची, माझी मिलफर्ड साउंड या खाडीतली बोट. ग्लेशियरला तो एकटाच गेला. मला जायचं नव्हतं, पण आधी वाटत होतं की बरोबर आलोय तर बरोबर करायलाच पाहिजे, शेवटी मी गावात बसून पुस्तक वाचलं आणि तो परत आल्यावर दोन तास ऐकलं. काही शे डॉलर वाचले, आणि मला काही हुकलं असं अजून तरी वाटलेलं नाही.

निघायच्या आधीचं एक: व्हिजिटर व्हिसासाठी माणशी महिन्याला १,००० डॉलर दाखवावे लागतात, मुक्कामाचे पैसे आधीच भरलेले असतील तर ४००. हा आकडा बजेट समजू नका. आमचा माणशी महिन्याचा खर्च भाडं सोडूनच १,७०० च्या आसपास होता आणि आम्ही उधळपट्टी केलेली नाही. आणि व्हॅनचं डिपॉझिट कार्डवर नुसतं ब्लॉक करतात की खरंच कापतात ते विचारा. आमचं कापलं होतं, परत आलं तेव्हा चलनाचा दर बदललेला, बँकेने जाताना-येताना दोन्हीकडे आपला हिस्सा घेतला, गाडीला एक ओरखडा नसताना पैसे कमी आले.

परत येऊन दोन महिने झाले, शीटची कोरी प्रत काढून ठेवलीये. त्यात चाकाचा रकाना आता पहिला आहे, आणि "आपापले" ४० चे ५० केलेत.