दहा टक्के कशाचे? उजळणीच्या डिजिटल खेळांचा नऊ महिन्यांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सातवी-आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. आठवीत ३१ मुलं. वर्गात एक टीव्ही, माझा लॅपटॉप आणि सहा टॅब, त्यातले चार चालू. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते. तेव्हापासून मार्चपर्यंत मी उजळणीसाठी कहूट, क्विझिझ (आता त्याचं नाव वेग्राउंड झालं आहे) आणि प्लिकर्स हे तीन खेळ वापरले. दिवसा वर्गात, आणि डिसेंबरपर्यंत एनएमएमएस या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या रात्री आठच्या गूगल मीटवरच्या तासालाही. ज्यांच्या शाळेत साधनं अशीच तुटपुंजी आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवात कहूटने केली. नॉर्वेत तयार झालेला हा खेळ २०१३ पासून सगळ्यांसाठी खुला आहे. प्रश्न टीव्हीवर येतो आणि मुलं हातातल्या टॅबवर लाल त्रिकोण, निळी चौकट, पिवळं वर्तुळ किंवा हिरवा चौकोन दाबतात. पहिल्या दिवशी इतका गलका झाला की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत येऊन उभी राहिली. पण एका टॅबमागे सात-आठ मुलं. टॅब ज्याच्या हातात तोच खेळतो, बाकीचे ओरडतात. आणि नेहमीच्या पद्धतीत गुण वेगावर मिळतात: बरोबर उत्तर झटकन दिलं तर १०००च्या जवळ, शेवटच्या क्षणी दिलं तर ५०० च्या आसपास. जी मुलं प्रश्न दोनदा वाचतात, कागदावर आकडेमोड करतात, ती यादीत कायम खाली.

ऑनलाइन तासाला हे जास्त बोचलं. माझी स्क्रीन मीटवरून मुलांपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात आणि ज्याच्या गावात रेंज कमी, त्याला प्रश्नच उशिरा दिसतो. एक मुलगी रेंजसाठी रोज स्लॅबवर जाऊन बसायची. "मॅडम, माहं उत्तर तं बरोबर होतं, पन दाबल्याच गेलं नाही," असं ती दोन-तीनदा म्हणाली आणि पुढच्या आठवड्यापासून तासाला यायचीच थांबली. ही चूक माझी. वेळ चार मिनिटांपर्यंत वाढवता येते, प्रश्नाचे गुण पूर्ण बंदही करता येतात. ते पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. गुण बंद केले, वेळ ९० सेकंद ठेवली, तेव्हा वर्गातला गलका कमी झाला आणि पेन्सिली चालायला लागल्या.

वर्गासाठी सगळ्यात जास्त उपयोगी ठरलं ते प्लिकर्स. त्यात मुलांना यंत्रच लागत नाही. प्रत्येकाला एक छापील कार्ड, त्यावर काळी-पांढरी चौकडीची आकृती आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची. मी मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कोणी काय उत्तर दिलं ते नावानिशी दिसतं. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी आणि अक्षरं बारीक असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून उत्तर देता येत नाही. नेट लागतं ते फक्त माझ्या मोबाईलचं आणि लॅपटॉपचं. वीज गेली की प्रश्न फळ्यावर लिहायचा आणि पुढे चालायचं. एक सूचना मात्र जरूर पाळा: कार्डांना लॅमिनेशन करू नका. मी केलं होतं. खिडकीतला उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेरा वाचत नाही. दुसरा संच साध्या कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवला, तो अजून चालतो. काळ्या भागावर बोट येऊ द्यायचं नाही, हे मात्र मुलांना पहिला आठवडाभर सांगावं लागतं.

नोव्हेंबरमधला एक प्रश्न सांगते. कापसाचा भाव क्विंटलला ७००० रुपये. तो १० टक्क्यांनी वाढला, मग १० टक्क्यांनी उतरला. आता भाव किती? वर्गात २७ मुलं होती. १९ जणांनी ७००० वर कार्ड धरलं, पाच जणांनी ६९३० वर. टीव्हीवर आलेख दिसला आणि मी बरोबर उत्तर न दाखवता थांबले. "शेजाऱ्याला पटवून सांगा, दोन मिनिटांनी परत कार्ड वर करायचं." हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रुळवलेली ही रीत आहे, कार्डांबरोबर ती फार छान बसते. मागच्या बाकावरून आवाज आला, "दहा वाढले, दहा कमी झाले, ७०००च राह्यते ना!" त्यावर एक मुलगी उठून उभी राहिली, "दहा टक्के कशाचे? पहिले ७००० चे, म्हनजे ७००. मंग ७७०० चे, ते तं ७७० झाले!" वर्ग क्षणभर गप्प. मग कोणीतरी म्हणालं, "मंग सत्तर रुपयाचा घाटा झाला ना आपला!" दुसऱ्या वेळी २१ कार्डं ६९३० वर होती. ज्या घरात वेच्याचा हिशेब रोज होतो त्या घरातल्या मुलांना ते ७० रुपये लगेच समजतात. मी फळ्यावर तीनदा सूत्र लिहून जे झालं नव्हतं ते त्या दोन मिनिटांत झालं.

ज्या दिवशी धडा शिकवला त्याच दिवशी खेळ घ्यायचं मी आता सोडलं आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. एक उतारा वाचून झाल्यावर काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले, ५६ टक्के विरुद्ध ४२. म्हणून मी खेळ आठ दिवसांनी घेते. मुलं कुरकुरतात, "मॅडम, हे तं विसरलो वो आम्ही." विसरायला लागलेलं ओढून आठवायचं, खेळ त्यासाठीच घेते.

दसऱ्यानंतर कापूस वेचायला मुलं शेतात जातात आणि काही दिवस हजेरी निम्म्यावर येते. तिथे क्विझिझचा गृहपाठाचा प्रकार कामी आला. बंगळुरूत २०१५ मध्ये सुरू झालेल्या या खेळात प्रश्न मुलाच्याच मोबाईलवर येतो आणि तो आपल्या गतीने सोडवतो. बाबा रात्री घरी आले, मोबाईल हाती आला की दहा प्रश्न. मी घड्याळ बंद ठेवते, मुदत चार दिवसांची देते. कोणत्या प्रश्नावर किती जण अडले ते सकाळी मला दिसतं आणि तास तिथूनच सुरू होतो. स्लॅबवर बसणारी ती मुलगी याच वाटेने परत आली.

वेग अगदीच बिनकामाचा आहे असंही नाही. एनएमएमएसच्या प्रत्येक पेपरात ९० मिनिटांत ९० प्रश्न सोडवायचे असतात. त्यामुळे दिवाळीनंतर आठवड्यातून एकदा घड्याळ लावून खेळलो, पण ज्या घटकांवर आधी चर्चा झाली होती तेवढ्याच घटकांवर.

तयारीला वेळ लागतो, हे मोकळेपणाने सांगते. मराठीतले तयार प्रश्न थोडे आणि त्यातले बरेच चुकीचे, म्हणजे स्वतःच टाइप करायचे. जुन्या प्रश्नपत्रिका कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर तिथून उतरवलेला मजकूर इंग्रजी अक्षरांचा गोळा होऊन येतो, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. एका ॲपमध्ये मोफत वापराची मर्यादा वर्षाच्या मध्येच आडवी आली, तेव्हापासून सगळे प्रश्न मी वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवते. मुलांना पूर्ण नाव टाकू देत नाही, फक्त हजेरी क्रमांक.

फेब्रुवारीपासून प्रश्न मुलंच करून आणतात. स्लॅबवरच्या मुलीने आणलेला प्रश्न असा: बियाण्याची बॅग २५०० रुपयांची. दुकानदाराने २० टक्क्यांनी महाग केली, मग २० टक्के सूट दिली. किती रुपयांना पडली? पर्याय २५००, २४००, २६०० आणि २०००. मी विचारलं, २००० कशाला ठेवलंस? "जो वाढ विसरला त्याच्यासाठी. अन् २५०० माह्या भावासाठी हाय मॅडम, तो यालेच दाबन."