म्यूट लावावा की उघडं वाजवावं? अ‍ॅल्युमिनियमचा स्ट्रेट म्यूट, सोलोच्या हिशेबाने

ट्रंपेटचा आवाज कमी करायला म्हणून म्यूट, म्हणजे भोंग्यात खोचायचा तो पोकळ तुकडा, घेणार असाल तर पैसे वाचवा. हळू वाजवणं हे श्वासाचं आणि ओठांचं काम. म्यूट आवाजाची जात बदलतो. भोंग्यात स्ट्रेट म्यूट बसला की खालचा भरीवपणा अडतो आणि वरचे बारीक स्वरांश पुढे येतात, त्यामुळे आवाज धारदार, थोडा नाकातला होतो. जोरात फुंकलं तर दबायचा सोडून टोचतोच.

बेळगावात कपिलेश्वर तलावाकडे निघालेल्या विसर्जन मिरवणुकीत किंवा वरातीत तो पेटीतच राहू द्या. ताशापुढे काही ऐकू येत नाही. त्याची जागा हॉलमध्ये, हार्मोनियम-तबला एवढीच साथ असताना. तिथेही अख्खं गाणं म्यूटमध्ये वाजवलं तर पाच मिनिटांत कान विटतात. मुखडा उघडा, एकच अंतरा म्यूटमध्ये, परत मुखडा उघडा. लावायला आणि काढायला मध्य लयीत केरव्याची निदान दोन-दोन आवर्तनं लागतात. ती हार्मोनियमवाल्याला आधी सांगून भरून घ्या. तेवढी जागा नसेल तर उघडंच वाजवा. घाईत खोचलेला म्यूट दुसऱ्या ओळीलाच फरशीवर पडतो, आणि तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. लिहिलेल्या पाश्चात्त्य रचनेत ‘कॉन सोर्डिनो’ (म्यूट लावून) असेल तर मात्र निवडीचा प्रश्नच नाही.

नवीन म्यूट घेतल्याघेतल्या वापरू नये. त्यावर बुचाच्या तीन उभ्या पट्ट्या असतात आणि त्या मुद्दाम जाड ठेवलेल्या असतात, कारण प्रत्येक भोंग्याचा निमुळतेपणा वेगळा. जाड पट्टीमुळे म्यूट बाहेर राहतो आणि निसटतो. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने तिन्ही पट्ट्या सारख्याच घासा: चार-पाच हात मारा, बसवून वाजवा, परत घासा. जास्त घासलं की म्यूट खोल जातो, फट कमी होते आणि आवाज कोंडतो. मग नवीन पट्ट्या चिकटवण्यावाचून गत्यंतर नाही. एकच पट्टी जास्त घासली गेली तर म्यूट तिरका बसून झणझणतो. बसवताना भोंग्यात आतून तोंडाची वाफ सोडायची, म्यूट आत ठेवून किंचित फिरवायचा. ठोकायचा नाही.

खरा घोळ सुराचा. स्ट्रेट म्यूटने सूर थोडा चढतो, आणि हार्मोनियम काही तुमच्यासाठी उतरत नाही. घरी इलेक्ट्रॉनिक तानपुरा काळी पाचवर लावा. बी-फ्लॅट ट्रंपेटचा लिहिलेला ‘सी’ तिथेच येतो. आधी उघडा, मग म्यूट लावून तोच स्वर धरा. दोन सुरांच्या टकरीच्या लाटा ऐकू आल्या तर ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, दोन मिलिमीटर बाहेर ओढा. स्लाइडला दोन पाय, म्हणजे नळी चार मिलिमीटरने वाढते. साधारण दीड मीटरच्या नळीत सूर पाचेक सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरायला तेवढं पुरतं. आपल्याला लागणारी जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा. म्यूट काढल्यावर स्लाइड परत आत घ्यायला विसरलात तर शेवटचा मुखडा उतरलेला निघतो. ही चूक फार होते.

बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात पट्ट्यांचा डिंक सुटतो. वाजवून झालं की म्यूट पुसून, बुच हवेवर सुकवून मगच पेटीत. सुटलेली पट्टी दोन्ही बाजूंना रबरी सोल्यूशन लावून, थोडं वाळू देऊन दाबावी.

धातूचा आवाज टोचत असेल तर फायबरचा स्ट्रेट म्यूट घ्या. ह्यूम्स अँड बर्गचा लाल-पांढरा ‘स्टोनलाइन्ड’ त्याच जातीचा. मऊ आवाजासाठी कप म्यूट, पण तो बहुधा सूर उतरवतो, म्हणजे स्लाइडचा हिशेब उलटा. हार्मन म्यूटला भोवती बुचाचं अख्खं कडं असतं, त्यामुळे सगळा वारा म्यूटच्या आतूनच जातो. मधली नळी काढून तो माइकला जवळजवळ टेकवला की जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा तो कुजबुजता आवाज. माइक नसेल तर तिसऱ्या रांगेतही पोचत नाही. आणि ‘वा-वा’ एवढंच हवं असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून तुंबलेल्या बेसिनचा लहान रबरी पंप आणा, दांडा काढा, डाव्या हाताने भोंग्यापुढे उघडझाप करा. मात्र कोराच आणा.