गावाला गाव जोडणारी सायकलवाट: कालवा, रेल्वे, हायवे की पाणंद?

दोन गावांत 8-10 किलोमीटरचं अंतर. मधे हायवे आहे, एसटी आहे, वडाप आहे. पण चालत किंवा सायकलने जाणाऱ्याला डांबराच्या कडेची पांढरी पट्टी सोडली तर जागा नाही. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून 5 किलोमीटरच्या टप्प्यात राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळतात. त्या चालवायच्या कुठे, हे कोणी सांगत नाही.

तुमच्या ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने किंवा सायकल क्लबने असा मार्ग मागायचं ठरवलं असेल, तर काँक्रीट की पेव्हर ब्लॉक हा वाद नंतर घाला. आधी दोन गोष्टी बघा: पट्टा कोणाच्या मालकीचा आहे आणि तो वाटेत किती ठिकाणी रस्ता ओलांडतो. आपल्याकडे मिळू शकणाऱ्या चार जागा याच कसोटीवर घासून बघू.

कालव्याकडेचा सेवारस्ता ही माझी पहिली पसंती. कालवा अगदी हळू उतरत जातो, त्यामुळे त्याच्या कडेच्या वाटेवर चढ असा लागतच नाही. गिअर नसलेली सायकलही आरामात जाते. मालक एकच, जलसंपदा विभाग. नीरेचा डावा कालवा किंवा खडकवासल्याहून हडपसर, लोणी काळभोर, यवत अशी गावं धरत जाणारा मुठा उजवा कालवा नकाशावर पाहिला की एका खात्याच्या ताब्यात किती लांब सलग पट्टा आहे ते कळतं. मोठे रस्ते कालवा ओलांडतात ते ठराविक पुलांवर, म्हणजे धोक्याच्या जागाही मोजक्याच.

पण कालवा उताराच्या कलाने वळणं घेत जातो. हायवेने 8 किलोमीटर असलेलं गाव कालव्याने 10-11 भरू शकतं. रविवारी सकाळी फिरायला निघालेल्याला त्याचं काही नाही, पहिला तास गाठायच्या घाईत असलेल्या मुलीला आहे. शिवाय सेवारस्ता गाळ काढणाऱ्या पोकलेनसाठी मोकळा ठेवावा लागतो. बाकडी आणि झाडं लावायचा प्रस्ताव नेलात तर अभियंते नाही म्हणणार, आणि ते चुकीचं नाही, कारण मुळं भरावात शिरली की गळती सुरू होते. सप्टेंबर 2018 मध्ये पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा कालवा फुटला आणि पाणी थेट वस्तीत घुसलं. भरावाच्या बाबतीत खातं हळवं असणारच.

पावसाळ्यात तिथली काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मधे अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उन्हाळ्यात वेड्या बाभळीचे काटे असतात. गाळप हंगामात तर उसाच्या ट्रॉल्यांचा हाच शॉर्टकट. म्हणून खडी-मुरमाचा दबलेला थर, पुलाजवळ ट्रॉली अडेल पण सायकल जाईल असे खांब, आणि वस्तीजवळच्या टप्प्यात कठडा, एवढं तरी अंदाजपत्रकात हवंच. आवर्तन चालू असताना, म्हणजे शेतीला पाणी सोडलेलं असताना, कालव्यात पडलेलं पोर बाहेर काढणं सोपं नसतं.

रेल्वेचा जुना मार्ग म्हटलं की सगळ्यांना परदेशातले फोटो आठवतात, आणि ते फोटो खोटे नाहीत. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ हा सुमारे 21 किलोमीटरचा बंद पडलेला लोहमार्ग 1979 ते 1986 या काळात टप्प्याटप्प्याने पायी व सायकलमार्ग झाला. न्यूझीलंडमधला ओटागो सेंट्रल मार्ग 152 किलोमीटरचा, 2000 मध्ये खुला झाला. त्यावर कुठेही 50 मीटरला 1 मीटरपेक्षा जास्त चढ नाही आणि वाटेतल्या छोट्या गावांना खानावळी-मुक्कामाचा धंदा मिळाला.

आपल्याकडे गाडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर या शकुंतलेच्या, म्हणजे विदर्भातल्या बंद पडलेल्या नॅरोगेज गाडीच्या, मार्गांवर लोकांना सायकलवाट नको आहे, गाडी परत हवी आहे, तीही ब्रॉडगेज. तिथे सभेत उठून रुळांच्या जागी सायकली चालवू म्हणालात तर लोक तुम्हाला रेल्वे घालवायला आलेला माणूस समजतील. अमेरिकेत 1983 पासून यावर कायदेशीर तोड आहे: मार्ग मोडीत काढायचा नाही, वाट म्हणून वापरायचा आणि पुढे रेल्वे परत आली तर जागा तिला द्यायची. अशी लेखी हमी मिळत नसेल तर या पर्यायामागे लागू नये असं माझं मत आहे.

हायवेची कड सर्वांत लवकर मंजूर होते, कारण रस्त्याचा निधी आलेलाच असतो. चांगलं उदाहरण घरचंच आहे. दिवेघाट ते मोहोळ या 221 किलोमीटरच्या आणि पाटस ते तोंडले-बोंडले या 130 किलोमीटरच्या पालखी मार्गांची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 रोजी झाली, ती दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी पायी मार्ग आराखड्यात धरूनच. चालणारा माणूस आधीपासून गृहीत धरून आखलेला हायवे दुर्मिळच. हैदराबादेत आउटर रिंग रोडलगत 23 किलोमीटरचा, वर सौर छत असलेला ट्रॅक 2023 मध्ये सुरू झाला. तिथे सायकलस्वार गाड्यांपासून पूर्ण वेगळा आहे. उलट उदाहरण इटावा ते आग्रा या 207 किलोमीटरच्या, 2016 मध्ये थाटात उघडलेल्या सायकल हायवेचं. काही वर्षांतच तो ठिकठिकाणी उखडला आणि अतिक्रमणांत गेला. फक्त रंगाचा पट्टा मारून दिलेला ट्रॅक म्हणजे पुढच्या ढाब्याचं पार्किंग आणि राँग साइडने येणाऱ्या मोटारसायकलींची सोय. किमान कठडा किंवा चर मधे असेल तरच हो म्हणा.

राहिली पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी जुनी वाट, विदर्भातली पांदण. तिच्याकडे सायकलवाट म्हणून कोणी बघत नाही, पण गाव नकाशा काढून पाहा. तुटक दुबार रेषेने दाखवलेला गाडीमार्ग साडेसोळा ते 21 फुटांचा, तुटक एकेरी रेषेचा पायमार्ग सव्वाआठ फुटांचा. आज बांधावरून कोरून कोरून तिथे बैलगाडीही वळत नसेल, पण हक्क कागदावर शाबूत आहे. असलेली वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे जाता येतं. महसूल संहितेच्या कलम 143 चा उल्लेख कोणीतरी करेलच. ते शेतकऱ्याला बांधावरून आपल्या शेतात जायला वाट देण्यासाठी आहे, गावं जोडायला नाही. मजबुतीकरणाला 2021 च्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद योजनेतून रोजगार हमीचा पैसा मिळत आला आहे. खरा त्रास भावकीचा: दहा खातेदारांपैकी एकाने मोजणी मान्य केली नाही की काम थांबतं. त्यामुळे 10 किलोमीटर पाणंदीचा हट्ट धरू नका. कालव्यापासून शाळेपर्यंत किंवा बाजारतळापर्यंतच्या शेवटच्या दीड-दोन किलोमीटरला ती उत्तम.

वाट मुख्यतः रोजच्या शाळा-कॉलेज-एमआयडीसीसाठी हवी असेल आणि कालवा लांबचा वळसा घेत असेल, तर कठडा असलेली हायवेची कड घ्या, चौकांवर भांडून उंचवटे आणि दिवे मिळवा. बाकी बहुतेक ठिकाणी कालवा अधिक पाणंद ही जोडी स्वस्तही पडते आणि टिकते. कालव्याकाठी रात्री दिवे नसतात. संध्याकाळच्या शिफ्टच्या बायकांना विचारल्याशिवाय तो मार्ग पक्का करू नका.

आणि पाहणी एप्रिलमध्ये उरकू नका, तेव्हा सगळेच पट्टे चांगले दिसतात. एकदा जुलैच्या झडीत आणि एकदा जानेवारीत, उसाच्या ट्रॉल्या चालू असताना, जलसंपदाच्या शाखा अभियंत्याला आणि तलाठ्याला बरोबर घेऊन चालत जा.