अंगणातला बास्केटबॉल स्टँड, अकरा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर आम्ही पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाउसच्या अंगणात चाकांवर हलवता येणारा बास्केटबॉलचा स्टँड आणून उभा केला. मुलगी सातवीत आहे आणि शाळेच्या संघात खेळते. मुलगा तिसरीत आहे आणि ताई जे करील ते त्याला करायचेच असते. शाळेचे कोर्ट शाळा सुटल्यावर तासाभरात बंद होते आणि सुट्टीत तर उघडतच नाही, एवढ्या एका कारणावरून ही खरेदी झाली. नाशिकची थंडी, मे महिन्यातला वळीव आणि एक पूर्ण पावसाळा या स्टँडवरून गेल्यामुळे आता त्याविषयी लिहायला हरकत नाही. कंपनीचे आणि विक्रेत्याचे नाव मी देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते पंधरा ते पंचवीस हजार रुपयांच्या टप्प्यातल्या बहुतेक सगळ्या स्टँडना लागू पडेल असे आहे.

दुकानात गेल्यावर नजर जाते ती रिंगमागच्या बोर्डकडे. पारदर्शक आहे की पांढरा, केवढा मोठा आहे, रिंगला स्प्रिंग आहे का, हेच आपण विचारतो आणि दुकानदारही तेच उत्साहाने दाखवतो. खाली काळ्या प्लास्टिकची जी पोकळ पेटी, म्हणजे बेस, असते, तिच्याविषयी त्याचे एकच वाक्य असते : “पाणी भरलं की हलत नाही, मॅडम.” मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, अकरावीच्या मुलांना दरवर्षी बलाचे आघूर्ण, म्हणजे बलाचा फिरवण्याचा परिणाम, समजावून सांगते, आणि तरीही त्या वाक्यावर मी मान डोलावली, याची मला आजही थोडी लाज वाटते.

हिशोब अगदी साधा आहे. आमच्या बेसमध्ये १३० लिटर पाणी मावते, म्हणजे १३० किलो. बेसची खोली सुमारे ११० सेंटिमीटर असल्यामुळे या वजनाचा मध्य पुढच्या कडेपासून साधारण अर्धा मीटर मागे येतो आणि स्टँडला पुढे पडण्यापासून अडवणारे आघूर्ण (वजन गुणिले अंतर, म्हणजे किलो गुणिले मीटर) ६५ किलो-मीटरच्या आसपास भरते. पोल पुढे झुकलेला असल्याने लोखंडी भागाचे वजन जवळजवळ पुढच्या कडेवरच येते आणि त्याची मदत फारशी होत नाही. आता वरची बाजू पाहा. आमचा बोर्ड ४४ इंच बाय २८ इंच आहे, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ०.८ चौरस मीटर. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा एवढ्या सपाट पृष्ठभागावर सुमारे १६ किलो वजनाइतका जोर लावतो, आणि तो जोर जमिनीपासून सव्वातीन मीटर उंचीवर लागत असल्यामुळे त्याचे आघूर्ण ५० किलो-मीटरच्या वर जाते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळे ताशी ७० किलोमीटरलाच हे पारडे फिरते. नाशिकमध्ये वळवाच्या आधी जो धुळीचा लोट उठतो, त्याला एवढा वेग गाठणे अवघड नाही.

आमचा स्टँड मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पडला. टोपणाची रबरी चकती नीट बसत नव्हती, हे आम्हाला नंतर कळले. मार्च-एप्रिलच्या उन्हात बेसमधले पाणी हळूहळू कमी होत गेले होते आणि काळ्या पेटीत आत किती पाणी उरले आहे हे बाहेरून दिसत नाही. दुपारी चारच्या सुमारास मागच्या बाजूने वारा आला आणि स्टँड जसाच्या तसा तोंडावर आडवा झाला. मुले घरात होती, गाडी बाहेर होती. बोर्डच्या प्लास्टिक चौकटीचा एक कोपरा फुटला आणि रिंगची पट्टी किंचित वाकली. विक्रेत्याला फोन केला तेव्हा “वाऱ्याचं वॉरंटीत येत नाही” एवढेच उत्तर मिळाले, आणि खरे सांगायचे तर वॉरंटीच्या कागदावर तसे लिहिलेलेही होते. मात्र बोर्ड सुटा मिळतो का, या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळायला पाच आठवडे लागले, ही तक्रार मी मागे घेणार नाही. चौकट शेवटी सातपूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पट्टी लावून पक्की करून घेतली.

पाण्याऐवजी वाळू भरावी का, हा प्रश्न सगळेच विचारतात. कोरडी वाळू लिटरला साधारण १.६ किलो भरते, म्हणजे त्याच पेटीत दोनशे किलोंहून अधिक वजन बसते. शिवाय ती उडून जात नाही, गळत नाही आणि टोपण सैल राहिले तर तिच्यात डासही होत नाहीत. पण दोन इंची तोंडातून एवढी वाळू फनेलने ओतायला एक रविवार जातो आणि एकदा ओतल्यावर स्टँड हलवण्याचा विचार सोडून द्यावा लागतो. आम्ही मधला मार्ग काढला. पाणी पूर्ण भरून टोपणाला नवीन चकती लावली आणि शेजारच्या बांधकामावरून क्रश सँड मागून आणून ती प्रत्येकी सुमारे पन्नास किलोच्या दोन गोण्यांत भरून बेसच्या अगदी मागच्या कडेवर ठेवली. हे शंभर किलो पुढच्या कडेपासून सुमारे ९० सेंटिमीटर दूर असल्यामुळे त्यांचे आघूर्ण ९० किलो-मीटर होते, म्हणजे पेटीतल्या सगळ्या पाण्यापेक्षाही जास्त. वजन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे हे महत्त्वाचे, असे मी वर्गात फळ्यावर कितीदा लिहिले असेल! विणलेल्या प्लास्टिकच्या गोण्या उन्हाने काही महिन्यांत विरतात, म्हणून त्यांवर ताडपत्रीचा तुकडा बांधावा.

खरेदी करताना म्हणूनच पहिला प्रश्न बेसच्या क्षमतेचा आणि लांबी-रुंदीचा विचारावा. शंभर लिटरपेक्षा कमी क्षमतेचा बेस आणि दहा फुटांवरची रिंग ही जोडी मी कोणालाही सुचवणार नाही, मग बोर्ड कितीही देखणा असो. रिंगला लोंबकळण्याचा मोह मुलांना होतोच. चाळीस किलोचा मुलगा नुसता स्थिर लटकला तर पूर्ण भरलेला बेस त्याला पेलतो, पण मुले स्थिर लटकत नाहीत, झोके घेतात, आणि झोक्याचा आडवा ओढा तीन मीटर उंचीवर लागतो. रिंगला लोंबकळायचे नाही, हा नियम आमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे आणि तो मोडल्यास आठवडाभर बॉल कपाटात जातो.

या खेळाचा जन्मच मुळी बेसशिवाय झाला आहे. १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या. तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. त्या टोपल्यांना इमारतीचा आधार होता. आमच्या रिंगला १३० लिटर पाण्याचा आहे.

उंचीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण लहान मुलांसाठी स्टँड घेणाऱ्यांना खरा उपयोग याचाच आहे. आमची रिंग साडेसात फुटांपासून दहा फुटांपर्यंत सहा-सहा इंचांच्या टप्प्यांनी वर-खाली होते. मिनी बास्केटबॉलमध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी रिंग २.६० मीटरवर आणि बॉल ५ नंबरचा धरला जातो. साडेआठ फुटांची खूण जवळजवळ तीच उंची देते. आठ वर्षांच्या मुलाला दहा फुटांच्या रिंगकडे ७ नंबरचा, म्हणजे मोठ्यांचा, बॉल फेकायला लावले तर तो कमरेपासून, खांदा वाकडा करून फेकतो, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. तेव्हा उंची बदलण्याची सोय हवीच. प्रश्न आहे तो ती कशी बदलते याचा. आमच्या स्टँडमध्ये एका पाइपात दुसरा पाइप असून आरपार पिन आहे. पिन काढताना बोर्ड आणि रिंग यांचे सगळे वजन कोणीतरी स्टुलावर उभे राहून तोलावे लागते. दोन मोठी माणसे असल्याशिवाय हे करू नये. परिणाम असा, की मुलासाठी रिंग खाली आणि मुलीसाठी वर हे जे चित्र आम्ही डोळ्यांसमोर ठेवले होते, ते महिन्यातून एकदा प्रत्यक्षात येते आणि एरवी दोघांची तडजोड नऊ फुटांवर होते. मागच्या बाजूला दांडा आणि स्प्रिंग असलेले स्टँड तीन-चार हजारांनी महाग पडतात, पण ते एका हाताने वर-खाली होतात. घरात दोन वेगवेगळ्या वयांची मुले असतील तर तेवढे पैसे जरूर जास्त द्यावेत. मी वाचवले आणि चुकले.

पोलवरच्या खुणेवर विसंबूही नये. टेपने मोजले तेव्हा दहाच्या खुणेवर आमची रिंग तीन सेंटिमीटर खाली भरली. त्यातच अंगणाला पावसाचे पाणी जाण्यासाठी फाटकाकडे उतार दिलेला असतो. शंभरात एक एवढा सौम्य उतार धरला तरी पाच-सहा मीटर अंतरात जमीन पाच-सहा सेंटिमीटर खाली जाते आणि फ्री थ्रोच्या (कोणी न अडवता उभ्याने मारायच्या फेकीच्या) रेषेवर उभ्या असलेल्या मुलीला रिंग तेवढी उंच पडते. शाळेच्या कोर्टवर आपले फ्री थ्रो लांब का जातात, हे तिला दोन महिने कळत नव्हते.

जागेचा अंदाज आधी घ्यावा. फ्री थ्रोची रेषा बोर्डपासून ४.६० मीटरवर असते. त्यात बेसची खोली आणि बोर्ड जेवढा पुढे येतो ते अंतर मिळवले की भिंतीपासून साधारण वीस फूट मोकळे हवेत. आमचे अंगण बावीस फूट आहे, म्हणून जेमतेम जमले. लेअप (धावत येऊन रिंगजवळून केलेली फेक) मारून मुले बोर्डखालून पुढे धावतात, तेव्हा पोलला फोमचे वेष्टण असणे आवश्यक आहे. आमच्याकडे ते जुन्या गादीच्या फोमचे आहे. गच्चीवर स्टँड लावण्याचा विचार काहींच्या मनात येतो. वाऱ्याचा वरचा हिशोब पाहिल्यावर तो मनातून काढून टाकावा.

‘पोर्टेबल’ या शब्दाबद्दल एवढेच, की चाके दोनच असतात, लहान असतात, आणि स्टँड पुढे झुकवल्याशिवाय जमिनीला टेकत नाहीत. फरशीवर ती फिरतात. पेव्हर ब्लॉकच्या फटीत ती अडकतात आणि मग दीडशेहून अधिक किलोंचे धूड दोघांच्या हातात अर्धवट तोललेले राहते. आम्ही अकरा महिन्यांत तो चार वेळा हलवला. अंगण स्वतःचे असेल आणि गाडी लावण्यासाठी ती जागा लागणार नसेल, तर चार इंची जाड पाइप काँक्रीटमध्ये पुरून घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये वेल्डिंग आणि पावडर कोटिंग करून देणाऱ्यांची वाण नाही, आणि मला सांगितला गेलेला खर्च तयार स्टँडपेक्षा फार वेगळा नव्हता. भाड्याच्या घरात मात्र हलणाऱ्या स्टँडला पर्याय नाही.

बोर्ड आणि रिंग यांच्यावर मी कमी लिहिते आहे, कारण तिथे तक्रार कमी आहे. आमचा बोर्ड पॉलिकार्बोनेटचा आहे; तो सहजासहजी फुटत नाही, पण बोर्डवर आपटून टाकलेला बॉल काहीसा मेल्यासारखा खाली येतो. जाड अॅक्रिलिकवर उसळी अधिक खरी मिळते. सर्वांत स्वस्त साध्या प्लास्टिकच्या बोर्डवर ती जवळजवळ नसते, तेव्हा दुकानातच दोन पावले मागे उभे राहून बॉल मारून पाहावा. स्पर्धेचा बोर्ड १.८० बाय १.०५ मीटरचा असतो, त्यामुळे ४४ इंची बोर्डवर कडेच्या कोनातून सराव होत नाही हे धरून चालावे. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर आहे का, एवढे टेपने तपासावे; खेळण्यातल्या संचांत तो बराच कमी असतो.

जोडणीला आम्हाला साडेचार तास लागले. पुस्तिकेत शब्द नव्हते, नुसती चित्रे होती, आणि दोन बोल्ट खोक्यात नव्हतेच. पहिल्या पंधरा दिवसांनी सगळे नट पुन्हा आवळावेत, कारण बॉलच्या हादऱ्यांनी ते सैल होतात. पावसाळ्याआधी ज्यांना ग्रीस लावले होते ते स्वच्छ राहिले. जे दोन बोर्डमागे राहून गेले ते गंजून धरले आणि शेवटी कापावे लागले. नायलॉनची जाळी उन्हाने विरत चालली आहे, ती स्वस्तात मिळते.

बॉल रबराचाच घ्यावा, चामड्याचा पेव्हर ब्लॉकवर महिन्याभरात सोलवटतो. डिसेंबरच्या सकाळी बॉल उसळत नाही अशी ओरड झाली, तर लगेच पंक्चर शोधत बसू नये : दुपारी तीस अंशांना ८ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) भरलेला बॉल पहाटे दहा अंशांना साधारण साडेसहावर येतो, आणि बहुतेक बॉलवर ७ ते ९ छापलेले असते. शेजारच्या आजोबांची दुपारची झोप चारपर्यंत असते, म्हणून आमच्याकडे बॉल साडेचारला बाहेर येतो, थंडी असो वा ऊन.

नवीन बोर्डची चौकशी सध्या चालू आहे, या वेळी अॅक्रिलिकच्या. आकाश भरून आले आणि मागच्या बाजूने वारा सुटला की आम्ही दोघे बाहेर जाऊन रिंग साडेसात फुटांवर उतरवतो आणि टोपण उघडून आत काठी घालून पाणी किती आहे ते पाहतो.